पिकअपला एलईडी लाईट बसवताना: अर्थिंगपासून फोकसपर्यंत कामाचा क्रम

पिकअपवाल्यांच्या एलईडीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. इंडिकेटर नेहमीच्या तालात न लागता फडफडतो. ब्रेक दाबला की पार्किंग मंद होते. हेडलाईट पांढराफेक दिसतो, पण पुढचा खड्डा काही दिसत नाही आणि समोरून येणारा अप्पर-डिप्पर मारून हैराण करतो. पहिल्याच पावसात काचेच्या आत पाणी. दोष बल्बवर जातो, दुसरा बल्ब येतो आणि तोही तसाच वागतो.

यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ कामाच्या उलट्या क्रमात आहे. आधी हेडलाईट बदलायचे, मग टपावर एलईडी दिव्यांचा लांब बार चढवायचा आणि वायरिंगकडे काही जळल्यावर बघायचे. सुलटा क्रम असा: मोजमाप, अर्थिंग (दिव्यातला करंट पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी), मागचे दिवे, इंडिकेटर, हेडलाईट, जादा दिवे, पाण्याचा बंदोबस्त आणि सगळ्यात शेवटी फोकस. मधला एक टप्पा गाळला तरी पुढच्या टप्प्यातला बिघाड कुठून आला ते सापडत नाही.

खालचे सगळे १२ व्होल्टच्या पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, योधा, दोस्त या वर्गातल्या गाड्या. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. तिथला रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) इथे चालत नाही, इथला तिथे चालत नाही.

१. खरेदीआधी: गाडी नीट बघा

दुकानात जाण्याआधी जुने बल्ब काढून त्यांच्या बुडावरची अक्षरे वाचा. हेडलाईटला तीन पात्यांचा एच-४ बल्ब असेल तर त्यावर ६०/५५ वॉट लिहिलेले असते; ६० अप्परचे, ५५ डिप्परचे. मागे सहसा तीन प्रकार भेटतात. एकाच कामाचा पिनवाला बल्ब, ज्याच्या दोन्ही पिना समोरासमोर एका उंचीवर असतात. ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेला २१/५ वॉटचा बल्ब, ज्याच्या पिना वरखाली असतात. आणि पार्किंगचा किंवा नंबरप्लेटचा बिनपिनांचा, काचेच्या बुडाचा छोटा बल्ब. ‘पिकअपचा सेट द्या’ म्हणून आणलेल्या पाकिटात यातला एखादा हमखास चुकीचा निघतो. जुने बल्ब खिशात घेऊनच जा.

मग जागा मोजा. हेडलाईटच्या मागे बल्बच्या बुडापासून पहिल्या अडथळ्यापर्यंत किती अंतर आहे? एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरचा डबा, असे बऱ्याच गाड्यांत असते आणि दोन्ही बाजूंची जागा सारखी नसते. पंखा असलेल्या एलईडी बल्बला मागे निदान दोन सेंटीमीटर मोकळी हवा हवी. पंखा पत्र्याला टेकला की बल्ब आधी आपोआप मंद होतो, मग बंद पडतो. तेव्हा ‘वॉरंटीत बदलून द्या’ म्हणण्यात अर्थ नसतो.

कायद्याचे आत्ताच बघून घ्या, बसवल्यावर नको. हेडलॅम्पला जी मान्यता मिळालेली असते ती त्यात ठरवून दिलेल्या बल्बसकट. हॅलोजनच्या हेडलॅम्पमध्ये एलईडी बल्ब घातला की तो मान्यताप्राप्त दिवा राहत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १११ प्रमाणे पुढच्या बाजूला स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. पुढे लाल आणि मागे लाल सोडून दुसरा रंग दाखवणेही, रिव्हर्स आणि इंडिकेटरसारखे ठरलेले अपवाद वगळता, चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. व्यावसायिक पिकअपला पासिंग चुकत नाही आणि पासिंगला हेडलाईट बघतातच. शेतात, खाणीत, मालाच्या चढ-उतारासाठी लागणारे दिवे हा वेगळा विषय. त्याबद्दल सातव्या टप्प्यात.

तपासणी: प्रत्येक बल्बचा प्रकार, त्याचे वॉट आणि मागची जागा कागदावर लिहून झाली का? नसेल तर अजून खरेदी नको.

२. जुन्या हॅलोजनला पूर्ण व्होल्टेज मिळते का, ते आधी मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या मते अर्ध्या लोकांचे काम इथेच संपायला हवे.

इंजिन चालू ठेवा, डिप्पर लावा. बल्ब कपलरला, म्हणजे वायरच्या टोकाच्या सॉकेटला, जोडलेलाच राहू द्या आणि मल्टीमीटरची टोके कपलरच्या मागून आत सरकवून बल्बपाशी किती व्होल्ट येतात ते बघा. मग थेट बॅटरीच्या दोन टोकांवर बघा. बल्ब काढून मोकळ्या कपलरवर मोजण्यात काही हशील नाही. भार नसताना कुजकी वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते.

समजा बॅटरीवर १३.२ आणि बल्बपाशी ११.५ आले. फरक किरकोळ वाटतो. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४व्या घाताने बदलतो. म्हणजे तेवढ्या फरकात एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश गेला. गाडी जुनी, स्विचचे कॉन्टॅक्ट काळवंडलेले, हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येणारा, अशा गाडीत हे सर्रास दिसते.

फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी रिलेची तयार हेडलाईट वायरिंग टाका. जुन्या कपलरने फक्त रिले चालतो आणि बल्बला करंट थेट बॅटरीतून फ्यूजमार्गे मिळतो. तेच ६०/५५ वॉटचे बल्ब, घासलेली किंवा नवी काच, आणि ही वायरिंग. बहुतेकांना जेवढा उजेड हवा असतो तेवढा यात मिळतो. फोकस बिघडत नाही, पासिंगला कुणी अडवत नाही. एवढे करून समाधान झाले तर सहावा टप्पा सोडून द्या.

एलईडी बसवायचाच असेल तरी हे मोजमाप लागते. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारी डबी, कमी व्होल्टेजवर लुकलुकतो किंवा मधेच बंद पडतो. तो दोष बल्बचा समजून तीन-तीन जोड्या बदललेले लोक आहेत.

धोका: ‘जास्त उजेड हवा’ म्हणून १००/९० वॉटचे हॅलोजन घालू नका. मूळ होल्डर आणि वायर त्या करंटसाठी बनवलेल्या नसतात. होल्डर वितळतो आणि काचेमागचा रिफ्लेक्टर काळा पडतो.

३. अर्थिंग: कंटाळवाणे, पण हेच खरे काम

किल्ली बंद करून बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढा; जोडताना ती सगळ्यात शेवटी. कित्येक बीएस-६ गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही काही यंत्रणा थोडा वेळ चालू राहतात. म्हणून काही मिनिटे थांबूनच हात घाला. किती थांबायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

पिकअपचा हौदा हा केबिनपासून वेगळा, चॅसीवर बोल्टने बसवलेला भाग. मागच्या दिव्यांची अर्थ वायर कुठेतरी चॅसीला किंवा हौद्याच्या पत्र्याला स्क्रूने धरलेली असते. तिथे शेण, खत, मीठ, भाजीचे पाणी, रस्त्याचा चिखल सगळे पोचते. मासळी वाहणाऱ्या गाडीची अर्थिंग तर एका पावसाळ्यातच हिरवी पडते. २१ वॉटचा बल्ब अशा अर्थिंगवर थोडा मंद का होईना, लागतो. एलईडीला करंट इतका कमी लागतो की मागच्या वाटेने चुकून येणाऱ्या करंटवरही तो मिणमिणतो. मग पार्किंग बंद असतानाही दिवा अर्धवट पेटलेला दिसतो.

मोजायची पद्धत: बॅटरी जोडलेली असताना संबंधित दिवा चालू ठेवा. मल्टीमीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थ वायरला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा. टोक मागपर्यंत पुरत नाही, तर एक लांब जादा वायर घ्या. ०.१ ते ०.२ व्होल्ट आले तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर पुढे जायचे नाही. ही मोजणी जुने साधे बल्ब असतानाच करा. एलईडी लावल्यावर करंट घटतो आणि खराब अर्थिंगही मीटरवर चांगली दिसते.

दुरुस्ती सोपी आहे. स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवे थिंबल (धातूचे कडे) क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, खाचांचा वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. रंगावरच थिंबल आवळणे ही फार जुनी सवय आहे. रंगातून करंट जात नाही, जातो तो स्क्रूच्या आट्यांतून, आणि आटे गंजले की संपले. माझे तर मत आहे की मागच्या दोन्ही दिव्यांना जोडून एक स्वतंत्र अर्थ वायर चॅसीच्या चांगल्या जागेपर्यंत आणावी. खर्च जवळपास नाहीच.

तपासणी: पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करा. एक दिवा लागला की दुसरा दबतो का? दबत असेल तर अर्थिंग अजून झालेली नाही.

४. मागचे दिवे

लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा एलईडी. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो. लाल काच उरलेला प्रकाश अडवते आणि बाहेर येतो तो फिका गुलाबी, मंद दिवा. ‘पांढरा जास्त पॉवरचा’ हे दुकानातले तत्त्वज्ञान इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. जुन्या बल्बची तार चारी बाजूंना प्रकाश फेकते आणि मागचा चकचकीत वाडगा तो गोळा करून बाहेर पाठवतो. फक्त टोकावर चिप असलेला एलईडी सरळ मागच्या माणसाच्या डोळ्यात मारतो, पण बाजूने येणाऱ्याला दिसत नाही. कडेने चिप असलेलेच घ्या.

ब्रेक-पार्किंगच्या २१/५ बल्बमध्ये खरी परीक्षा फरकाची असते. पार्किंग लावून ठेवा, गाडीमागे दहा-पंधरा पावलांवर उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, दिवसा उन्हात. फरक झटकन कळला पाहिजे. स्वस्त बल्बमध्ये दोन्ही पातळ्या जवळजवळ सारख्या निघतात, आणि त्यात जीव जातो तो मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा. असा बल्ब परत करा.

बिनपिनांचा छोटा बल्ब लागत नसेल तर काढून उलटा करून घाला. एलईडीला प्लस-मायनस असते. साध्या बल्बला नसल्यामुळे कंपनीने होल्डर कुठल्याही बाजूने बसवलेला असू शकतो. पिनवाल्या बल्बचे बूड पातळ पत्र्याचे असेल आणि होल्डरमध्ये डुगडुगत असेल तर तो कच्च्या रस्त्यावर टिकणार नाही. होल्डरमधली स्प्रिंग थोडी ओढून बघा, तरी सैल असेल तर होल्डर बदला.

अख्खा मागचा दिवाच एलईडीचा बसवणार असाल तर जुन्या दिव्यात लाल रिफ्लेक्टरचा चौकोन होता का ते बघा. तो दिवा बंद असतानाही दुसऱ्याच्या उजेडात चमकतो. नव्या दिव्यात नसेल तर वेगळा लावावा लागेल. फाळका उघडा टाकल्यावर नवा दिवा झाकला जातो का, हेही फाळका उघडून बघा. हौद्याच्या बाहेर आलेला जाड दिवा फाळक्याच्या साखळीने महिनाभरात फुटतो.

५. इंडिकेटर: फडफड का होते

साधा फ्लॅशर बल्बमधून किती करंट जातो ते बघतो. एका बाजूला २१-२१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअर. एक बल्ब गेला की करंट घटतो आणि चालकाला कळावे म्हणून इंडिकेटर जोरात फडफडतो. एलईडीचा करंट इतका कमी की फ्लॅशरला वाटते, बल्ब गेला. म्हणजे फडफड हा बिघाडच नाही, ती फ्लॅशरने दिलेली सूचना आहे. योग्य वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा असतो. मोबाईलवर घड्याळ लावून मोजा.

उपाय दोन. पहिला, आणि मला पटलेला: एलईडीसाठीचा फ्लॅशर. जुना फ्लॅशर बाहेर काढा, पिना मोजा, दोन की तीन ते बघा आणि पिनांवरची अक्षरे जुळवूनच नवा घ्या. पिना सारख्या पण जागा बदललेल्या, असेही फ्लॅशर बाजारात आहेत. दोन पिनांच्या फ्लॅशरला बऱ्याचदा वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. ती न दिल्याने ‘नवा फ्लॅशरही खराब’ असा निष्कर्ष निघतो.

दुसरा उपाय रेझिस्टन्सचा. नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो, इंडिकेटर कंट्रोल युनिटमधूनच चालतो. तिथे हाच मार्ग उरतो. २१ वॉटच्या प्रत्येक बल्बसाठी ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टन्स बल्बच्या वायर आणि अर्थ यांच्यामध्ये, म्हणजे बल्बच्या समांतर जोडायचा. एकामागे एक जोडला तर काहीच उपयोग होत नाही.

धोका: हा रेझिस्टन्स जवळजवळ जुन्या बल्बइतकीच वीज खातो आणि ती सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. घाटात बंद पडलेल्या गाडीचे चारी इंडिकेटर अर्धा तास चालू राहिले तर त्याला हात लावता येत नाही. तो पत्र्यावर स्क्रूने बसवा. प्लास्टिकला, वायरच्या जुडग्याला किंवा दिव्याच्या घराला चिकटवू नका; दुतोंडी टेपने तर नाहीच.

तपासणी: डावा, उजवा, चारी, मग चारी चालू असताना ब्रेक. डॅशबोर्डवरचा बाणही बघा. डावा इंडिकेटर देताना उजवा हलकासा लुकलुकत असेल तर डॅशबोर्डवरच्या एकाच सूचक बल्बमधून करंट पलीकडे जातो आहे. तिथे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घालावे लागतात. हे काम वायरमनकडे द्या.

६. हेडलाईट

आता पुढचा दिवा. कायद्याचे आधी सांगितले आहे. इथे फक्त बसवणे.

एच-४ हॅलोजनमध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळे तारेचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि रस्त्यावर खाली येतो. वर जाणारा प्रकाश कापला जातो आणि भिंतीवर जी रेषा दिसते ती या वाटीमुळे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून ही रेषा डावीकडे वर चढते आणि उजवीकडे, समोरच्याच्या बाजूला, सपाट राहते. एलईडीची चिप मूळ तारेच्या जागी मिलिमीटरच्या फरकाने नसेल, किंवा तिची जाडी जास्त असेल, तर ही रेषा फाटते. कितीही ल्युमेनचा आकडा पाकिटावर असो.

बसवण्याचा क्रम:

आधी एकच बाजू बदला. दुसऱ्या बाजूला हॅलोजन राहू द्या. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर पाचेक मीटरवर उभी करा. याच तुलनेसाठी हे सगळे.

बल्बची तीन कानांची चकती वेगळी निघत असेल तर आधी ती एकटी हेडलाईटमध्ये बसवा. तीन कानांपैकी रुंद कान वर येतो. तारेच्या क्लिपने चकती घट्ट धरा, मग बल्बचे अंग तिच्यात घालून फिरवा. चिप डाव्या आणि उजव्या बाजूला तोंड करून हव्यात, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, आणि डिप्परच्या चिपखालची वाटी जमिनीकडे. चिप वर-खाली तोंड करून बसल्या की रस्त्याच्या मधोमध काळा पट्टा पडतो.

आता भिंत बघा. हॅलोजनची रेषा आणि एलईडीची रेषा एका जातीची आहे का? सर्वांत उजळ ठिपका त्याच जागी आहे का? रेषेच्या वर धुकट उजेड सांडलेला आहे का? बल्ब थोडा-थोडा फिरवून बघा. जमले तर दुसरी बाजू बदला. जमत नसेल तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाही. फोकसचा स्क्रू फिरवून हे झाकता येत नाही. दिवा खाली केला तर समोरच्याला त्रास थोडा कमी होतो, पण तुमचा लांबचा रस्ताही जातो आणि सांडलेला उजेड सांडतोच. पावसात माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात हाच वर सांडलेला उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फारच पांढरा, निळसर बल्ब घेण्यातही शहाणपण नाही. पाकिटावरचे केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. हॅलोजन सुमारे ३,२०० केल्विनचा असतो. ४,३०० च्या आसपासचा एलईडी ओल्या डांबरावर डोळ्यांना बरा पडतो.

डिप्पर लागतो पण अप्पर लागत नाही, किंवा डॅशबोर्डवरचा निळा दिवा कायम मंद पेटतो, असे झाले तर गाडीची वायरिंग तपासा. काही गाड्यांत तीन पात्यांपैकी सामाईक पाते अर्थचे असते, काहींत प्लसचे, आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. टेस्ट लॅम्पने दोन मिनिटांत कळते. दोन्ही प्रकारांवर चालणारा बल्ब घ्या. कपलरच्या वायर कापून अदलाबदल करू नका.

शेवटी रबर. हेडलाईटमागचे रबरी टोपण पंख्यावरून बसत नाही म्हणून ब्लेडने कापले जाते. पहिल्या पावसातल्या पाण्याचे आणि वर्षभरात मळकट झालेल्या रिफ्लेक्टरचे कारण हेच. ज्याची मान टोपणाच्या मधल्या भोकात घट्ट बसेल असाच बल्ब निवडा. ड्रायव्हरची डबी लोंबती ठेवू नका. रेडिएटरच्या पाईपपासून आणि पंख्यापासून दूर, टायने बांधा.

७. जादा दिवे: हौद्यातला, मागचा, टपावरचा

हौद्यात माल उतरवायला एक रुंद प्रकाशाचा दिवा खरोखर उपयोगी आहे. नारायणगावला रात्री टोमॅटोचे क्रेट भरणाऱ्याला तो हवाच. पण तो स्वतंत्र स्विचवर, आणि गाडी चालू असताना बंद. मागे पांढरा दिवा पेटवून हायवेला जाणाऱ्याला मागचे लोक रिव्हर्समध्ये समजतात. टपावरच्या बारबद्दल माझे मत: रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपला तो नको. बॉनेटवर त्याचाच उजेड पडतो आणि लांबचे आणखी काळे दिसते.

वायरिंगचा क्रम काही असो, हे बदलत नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून दिव्याला. ८६ ला स्विचमधून प्लस, ८५ ला अर्थ. डायोडवाल्या रिलेत ८५-८६ उलटे जोडले तर फ्यूज उडतो, म्हणून हा क्रम सवयीचाच करून टाका.

वायरची जाडी हिशेबाने ठरवा. दिवा १० अँपिअर खातो आणि बॅटरीपासून ५ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. १ चौरस मिलिमीटरमध्ये पावणेदोन व्होल्ट, आणि वायर गरम. दिव्यासोबत फुकट येणारी तयार वायर बहुधा पातळ असते. वरचे आवरण जाड असते, आत तांबे थोडेच.

पाकिटावरच्या वॉटवर विश्वास ठेवू नका. दिवा चालू करून मल्टीमीटरने करंट मोजा. फ्यूज त्याच्या सव्वा ते दीडपट, पण वायरला झेपेल त्याहून कमी. १० अँपिअरला २.५ ची वायर आणि १५ चा फ्यूज. फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० चा घातला, की वायरच फ्यूज होते.

धोका: वायर न सोलता दाबून बसवायचे प्लास्टिकचे चिमटे पिकअपवर वापरू नका. ते वायरचे काही तार कापतात आणि आत पाणी धरतात. क्रिम्प करून त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. नुसती काळी टेप उन्हात सुटते.

दिवा लावल्यावर रेडिओत खरखर आली तर दिव्याची वायर एरियलच्या वायरपासून लांब न्या आणि दिव्याजवळ फेराइटची कडी घाला. ब्रॅकेटला आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी मोकळी धावताना जे हादरे देते, त्यात साधा नट टिकत नाही.

८. पाणी

दिव्यावर लिहिलेले आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी नाही. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाबद्दल तो आकडा काही सांगत नाही. दिव्यांवर जवळून पंप मारायला मनाई करा.

पाणी बहुतेकदा दिव्यातून नाही, वायरवरून आत जाते. म्हणून दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या. पाणी तिथून गळून पडते. कपलरचे तोंड वर ठेवू नका. टपाला किंवा हौद्याला पाडलेल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवा आणि भोकाच्या कापलेल्या कडेला रंग. दिव्याला मागे बारीक श्वासाचे भोक असेल तर ते सिलिकॉनने बुजवू नका. आतली गरम हवा बाहेर जायला तीच वाट असते. बुजवली की काचेवर कायम दव.

९. फोकस, मालासकट

पिकअपचे फोकस कारच्या पद्धतीने लावले की चुकते. मोकळ्या पिकअपचे मागचे पाटे उंच असतात, भरल्यावर मागचा भाग बसतो आणि नाक वर उठते. नाक फक्त एक अंश उठले तर दहा मीटरवर प्रकाश साडेसतरा सेंटीमीटर वर जातो. हा आकडा लक्षात ठेवा.

चारी टायरमध्ये योग्य हवा भरा. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभे करा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, समजा ८५ सेंटीमीटर. भिंतीवर ७५ सेंटीमीटरवर टेपची आडवी रेघ मारा. डिप्परची सपाट रेषा त्या रेघेवर आली पाहिजे. हा एक टक्क्याचा उतार झाला. गाडीवर बॉनेटखाली वेगळा टक्का छापलेला असेल तर तो धरा.

डॅशबोर्डवर हेडलाईट खाली-वर करायचे बटण असेल तर ते शून्यावर ठेवून, मोकळ्या गाडीत चालक बसवून फोकस लावा. माल भरला की बटण पुढच्या आकड्यावर, म्हणजे दिवा खाली. बटण असून ते कधीच न फिरवणारे चालक पाहिले की वाईट वाटते.

बटण नसेल तर नेहमीचा माल भरून हेच मोजा. दहा सेंटीमीटरचा उतार आणि साडेसतराची उचल, म्हणजे मोकळी लावलेली गाडी भरल्यावर सरळ समोरच्याच्या डोळ्यात मारते. भरलेल्या गाडीची रेषा हेडलाईटच्या उंचीच्या वर जाता कामा नये. मग मोकळ्या गाडीत प्रकाश थोडा जवळ पडेल, ते चालवून घ्यावे लागते.

१०. बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडे

रात्री अर्धा तास गाडी चालवून आल्यावर रिले, फ्यूजचा होल्डर आणि प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड उघडून पुन्हा क्रिम्प करा. आठवड्याने ब्रॅकेटचे नट आवळा. पहिला मोठा पाऊस झाल्यावर दिव्यांत दव आहे का ते सकाळी बघा. दुपारी ते वाळून जाते आणि कळत नाही. उसाच्या किंवा खाणीच्या रस्त्याची गाडी असेल तर बल्बच्या पंख्यातली धूळ दर सर्व्हिसिंगला हवेने उडवा. पाटे बदलले, टायरचा साईज बदलला किंवा पुढे अपघाताचे काम झाले, की नववा टप्पा पुन्हा.

काढलेले हॅलोजन बल्ब फेकू नका. फडक्यात गुंडाळून, दोन जादा फ्यूज आणि जुन्या फ्लॅशरसकट ड्रॉवरमध्ये ठेवा. एलईडीचा पंखा अडकून रात्री दोन वाजता एक बाजू गेली तर महामार्गावर नवा एलईडी मिळत नाही, पण रबरी टोपण न कापता आणि कपलर न तोडता काम केलेले असेल तर तोच जुना बल्ब पाच मिनिटांत परत बसतो. काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग राहिला तर हॅलोजन तिथूनच तडकतो.